चुन्याचे बारा टिपके

त्या बाटल्या मीच धुतल्या. धू म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, उलट हात लावू नको म्हणून बजावलं होतं. तरी धुतल्या, आणि पुढचे नऊ दिवस ज्या भीतीत काढले तशी भीती मला उसाच्या फडातही कधी वाटली नाही. फडात मी बारा हंगाम काढलेत. तिथं साप निघतो, कोयता निसटतो, भरलेली गाडी उलटते. पण जे काय असतं ते डोळ्यांसमोर असतं. इथं डोळ्यांसमोर साठ बाटल्या होत्या, सगळ्या सारख्या, आणि त्यातल्या कोणत्या फुटणार ते मला माहीत नव्हतं. ज्या बाईच्या तोंडावर फुटणार होत्या तिला तर काहीच माहीत नव्हतं.

ती बाई म्हणजे आमच्या ताई. मूळच्या पाथरीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, वय पन्नाशीचं. शिकून नाशिककडे गेल्या, पंधरा वर्षं वाईनच्या कामात काढली आणि परत आपल्या मुलखात आल्या. परभणीतून गंगाखेडला जाताना एक बंद पडलेली कापसाची जिनिंग लागते. तिचं दगडी गोदाम त्यांनी भाड्यानं घेतलं, कचेऱ्यांचे उंबरे झिजवून परवाना काढला आणि थोडी थोडी वाईन करायला लागल्या. हाताखाली मी एकटीच. मालकांची, म्हणजे आमच्या घरधन्याची, ऊस तोडून तोडून कंबर गेली, तेव्हा आम्ही पालमकडचं गाव सोडून परभणीला आलो आणि मला हे काम लागलं. मालक माळकरी. पहिले आठ दिवस त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मग पगार झाला, घरात पीठ आलं, तेव्हा भाकरी मात्र मुकाट्यानं खाल्ली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "दारूच्या कारखान्यात जायलीस व्हय?" मी म्हटलं, "जायलेय. तुमच्या दारात येऊन झिंगत तर न्हाई ना?" मी तोंडाची पहिल्यापासून फटकळ.

ताईंचा डावा डोळा काचेचा आहे. नाशिकला असताना फेसाच्या वाईनची बाटली हातात फुटली आणि तुकडा डोळ्यात गेला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ते सांगितलं, काही रडगाणं न लावता. म्हणाल्या, "माझ्याकडं एकच डोळा आहे आणि तो मला मरेपर्यंत पुरवायचाय. म्हणून इथं मी सांगेन तसंच करायचं. डोकं चालवायचं नाही." मी मान हलवली. डोकं न चालवणं मला जमत नाही, हे तेव्हा मी सांगितलं नाही.

ताई दोन जातींची वाईन करतात, एक फेसाची आणि एक गोडाची. दोन्हीची सुरुवात सारखीच. उन्हाळ्याच्या तोंडाला नाशिककडून द्राक्षं येतात, रस काढायचा, त्यात खमीर सोडायचं. खमीर साखर खातं, तिची दारू करतं आणि खाता खाता वायू सोडतं. सगळा खेळ त्या वायूचा. उघड्या टाकीत तो निघून जातो. बाटली बंद असली तर जाईल कुठं?

फेसाच्या वाईनमध्ये तो मुद्दामच कोंडायचा असतो. एकदा आंबून झालेली आंबटढाण वाईन जाड काचेच्या बाटलीत भरायची, वर पुन्हा साखर आणि थोडं खमीर घालायचं आणि सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं बूच ठोकायचं. ती साखर ताई सोनाराच्या काट्यावर मोजावी तशी मोजतात. कमी पडली तर फेस धरत नाही, जास्त झाली तर बाटली जाते. मग बाटल्या कित्येक महिने आडव्या निजवायच्या. नंतर भोकं पाडलेल्या उभ्या फळीत त्यांच्या माना खाली खोचायच्या आणि रोज एकेकीला थोडं थोडं फिरवायचं, म्हणजे मेलेल्या खमिराचा गाळ घसरत घसरत बुचापाशी येऊन बसतो. हे फिरवायचं काम माझं. सगळं मनगटाचं काम, आणि ऊसतोडीच्या बाईला मनगट कुणी शिकवायचं? शेवटी बाटलीची नुसती मान बर्फमिठात गोठवायची आणि बूच उडवायचं. आतल्या जोरानं गाळाचा गोठलेला गोळा बाहेर फेकला जातो. जेवढी जागा झाली तेवढी साखर विरघळवलेली वाईन वरून भरायची. कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, बाटली करायची का जरा गोड का सरबतासारखी गोड, ते या शेवटच्या साखरेवर ठरतं. बूच उडवताना ताई जाड प्लॅस्टिकचा मुखवटा घालतात, आणि मी भिंतीला चिकटून उभी राहते.

गोडाच्या वाईनचं सगळं उलटं. तिथं खमिराला पोटभर खाऊच द्यायचं नसतं. द्राक्षं वेलीवरच सुरकुतेपर्यंत ठेवलेली, त्यामुळं रस मुळातच गोडमिट्ट. तो निम्मा आंबला की टाकी गारठवायची. खमीर निपचित पडतं, मग बारीक गाळणीतून गाळून ते पार काढून टाकायचं. उरलेली साखर तशीच वाईनमध्ये राहते. मी एकदा विचारलं होतं, "ताई, सगळी आंबू द्या की. वरून दोन किलो साखर घातली की काम भागतंय." त्या म्हणाल्या, "द्राक्षाची गोडी आणि दुकानाची गोडी जिभेला कळती, बाई." ही वाईन घोट घोट प्यायची, म्हणून बाटल्या लहान. आत जोर नसतो म्हणून काचही पातळ.

त्या वर्षी त्यांनी गोडाची वाईन पहिल्यांदाच करून बघितली. साठ बाटल्या भरल्या. अगदी शेवटाला त्यांच्या लक्षात आलं की गाळणीत ज्यातून वाईन झिरपते तो जाड पुठ्ठा फाटलाय. पहिल्या अठ्ठेचाळीस बाटल्या ठीक होत्या, पण शेवटच्या बारांमध्ये खमीर उतरलं असणार. नवे पुठ्ठे दसरा झाल्यावर येणार होते, मग त्या बारा पुन्हा गाळायच्या होत्या. तोवर ताईंनी त्या बारा बाटल्यांच्या बुडाला बोटानं चुन्याचा टिपका लावला आणि त्या आइस्क्रीमवाल्याकडून घेतलेल्या जुन्या फ्रीजमध्ये ठेवल्या. बाकीच्या फळीवर. मला समोर उभं करून म्हणाल्या, "नीट ऐक. थंडीत खमीर झोपून राहील. बाहेर आलं तर जागं होईल. साखर भरपूर, बूच घट्ट, काच पातळ. काय होईल?"

"फुटंल," मी म्हटलं. म्हणजे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आणि मग खंडेनवमी आली. फडात असताना आम्ही त्या दिवशी कोयता घासून, धुऊन, हळदीकुंकू लावून पूजेला मांडायचो. ज्याच्यावर पोट त्याची पूजा, यात मला चूक काय ते अजून दिसत नाही. ताई त्या दिवशी कचेरीच्या कामाला जाणार होत्या. मी पूजेचं विचारलं तर म्हणाल्या, "कर की. फळीची कर, यंत्राची कर. बाटल्या मात्र जागच्या हलवू नको." त्या गेल्या आणि मी बाटल्यांकडं बघत बसले. भरताना ओघळलेल्या वाईननं त्या चिकट झाल्या होत्या, वर धूळ बसली होती. पारोसं हत्यार देवापुढं मांडत नाहीत. माझ्या आईनं मांडलं नसतं, मीही मांडलं नाही. फळीवरच्या अठ्ठेचाळीस उतरवल्या. मग वाटलं, फ्रीजमधल्या बारांनी काय घोडं मारलंय? त्याही काढल्या. ओल्या फडक्यानं साठच्या साठ पुसल्या, बाहेर पोत्यावर वाळत घातल्या आणि फुलं आणायला कोपऱ्यापर्यंत गेले.

फुलं घेऊन आले, एक बाटली उचलली, बूड बघितलं. चुना ओल्या फडक्यापुढं राहतो होय? मी दुसरी उचलली, तिसरी उचलली. फ्रीजमधल्या गार लागतील म्हणून हात लावून बघितलं, तर उन्हात सगळ्या सारख्याच तापलेल्या. तिथंच पोत्यावर बसले. हातातली फुलं कधी खाली पडली कळलं नाही.

त्या वेळी फोन करून सांगितलं असतं तर दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीचे मुकादम गल्ल्यांतून फिरायला लागतात, उचल देऊन माणसं बांधतात. आदल्याच दिवशी एक आमच्या दारात येऊन गेला होता. मला वाटलं, ताई घालवतील आणि कंबर मोडलेल्या नवऱ्याला घेऊन मला पुन्हा फडात उतरावं लागंल. मी डबीतला चुना बोटावर घेतला. या इकडच्या बाजूला होत्या, या असतील, असं मनाशी म्हणत बारा बाटल्या निवडल्या, बुडाला बारा टिपके लावले आणि त्या फ्रीजमध्ये ठेवल्या. बाकीच्या फळीवर. मग पूजा केली. देवाला काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती. गल्लीत लोक सोनं वाटत फिरत होते आणि मी दारात बसून एकच हिशेब करत होते: आता खमीर जागं झालं असंल का? तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ताईंच्या आधी गोदाम उघडायला लागले. फळीवरच्या एकेका बाटलीला बोट लावायचं, कान लावायचा, पुन्हा जागेवर ठेवायची. काचेच्या आत काही ऐकू येत नाही, पण मला ऐकू यायचं. बाहेर ट्रकचं टायर फुटलं तरी मी दचकायची. ताई म्हणायच्या, "काय झालंय तुला? भूत बघितल्यासारखी करायलीस." मी म्हणायची, "ऊन बाधलं." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सातव्या दिवशी दुपारी ताई खोकी आणायला बाजारात गेल्या होत्या. मी बाहेर कडुनिंबाखाली भाकरी खात होते. आतून आवाज आला, मोठा नाही, लग्नात फुगा फुटतो तेवढाच. मी धावले. फळीवरची एक बाटली नव्हती. तिच्या जागी ओल होती आणि काच खोलीभर. ताईंची खुर्ची चार हातांवर असते. तिच्या पाठीच्या गादीत, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, नखाएवढी काच रुतलेली होती. ती मी काढली. गादीला पडलेलं भोक बोटानं दाबून दाबून बुजवलं. ताई आल्या तेव्हा म्हटलं, "एक बाटली हातातनं निसटली." त्या म्हणाल्या, "जाऊ दे. तुला लागलं का कुठं?" आणि माझे हात उलटसुलट करून बघितले. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी गप्प राहिले. आता तर लपवायला एकाच्या दोन गोष्टी झाल्या होत्या.

आठव्या दिवशी लेबलं आली. दिवाळीसाठी कुणीतरी गोडाच्या बाटल्या मागितल्या होत्या. लेबल चिकटवायची ताईंची एक पद्धत आहे. एकाच डोळ्यानं अंतर कळत नाही, म्हणून त्या बाटली मांडीवर घेतात, तोंड पार खाली आणतात आणि चार बोटांवरून बघत कागद बसवतात. खुर्चीत बसून त्यांनी पहिली बाटली मांडीवर घेतली आणि मी पुढं झाले. म्हटलं, "ताई, मी लावते. तुम्ही उठा."

"तुझं वाकडं लागतंय."

"मग मुखवटा तरी घाला."

त्या हसायला लागल्या. "गोडाच्या वाईनला मुखवटा? उद्या तू भाकरी थापायला हातमोजे घालशील."

त्या दिवशी त्यांनी पंधरा बाटल्या केल्या. प्रत्येक वेळी मान खाली गेली की मी श्वास धरायची, वर आली की सोडायची. घरी गेल्यावर मालकांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, गप्प बस, काम जाईल. ते म्हणाले, "त्या बाईचा डोळा गेला तर ह्या घरातली भाकरी मला गिळवणार न्हाई." एवढंच बोलले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. मला राग आला. भाकरी थापायची मी, ओझी उचलायची मी, आणि न्यायनिवाडा करणार हे.

नवव्या दिवशीही सांगायचंच असं ठरवून गेले आणि दुपारपर्यंत सांगितलं नाही. ताई लेबलं लावत होत्या, मी खोक्यात भरत होते. एक बाटली हातात घेऊन त्या थांबल्या. म्हणाल्या, "ह्या बाटलीत बुडबुडा दिसतोय का गं?" आणि ती उजेडाकडं धरून त्यांनी आपल्या धड डोळ्यापाशी नेली. अगदी पापणीला लागेल इतकी जवळ.

मी कशी गेले मला आठवत नाही. बाटली हिसकावली, पोटाशी धरली, पाठ फिरवली आणि तशीच बाहेर जाऊन पाण्याच्या हौदात सोडली. परत आले तर ताई खुर्चीतून उठून उभ्या होत्या. मी भिंतीला टेकले आणि सगळं सांगून टाकलं. धुतल्या ते, चुना लावला ते, सातव्या दिवशीची काच, गादीतलं भोक, सगळं. रडले नाही. रडले असते तर त्यांना माझी कीव आली असती, आणि तेवढा हक्क मला नव्हता.

ताईंनी रिक्षावाल्याला फोन करून बर्फाची लादी मागवली. मोठ्या टपात बर्फाचं पाणी केलं. फळीवरच्या, खोक्यातल्या, फ्रीजमधल्या, हौदातली, एकोणसाठ बाटल्या आम्ही गोणपाटात धरून एकेक करून त्यात बुडवल्या आणि तासभर गार होऊ दिल्या. मग उघडायला बसलो. मुखवटा एकच. मी तो त्यांच्याकडं सरकवला, त्यांनी माझ्याकडं. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला एकच डोळा हाय."

"तुला दोन आहेत, म्हणून एक वाटून टाकायचाय का? उघडणार तू, घालणार तू. मी दाराबाहेर उभी राहून लिहून घेते."

गोणपाटाखाली बाटली धरायची आणि बुचाचे आटे हळूहळू ढिले करायचे. नुसतं बूच निघालं तर ती चांगली. फुस्स झालं तर तिच्यात खमीर. प्रत्येक बुचाला माझ्या मानेवर घाम यायचा. मुखवट्याच्या आत माझाच श्वास साचून समोरचं धुरकट दिसायचं. फ्रीजमधल्या बारा आधी घेतल्या. माझ्या टिपक्यांपैकी दोनच खरे निघाले. फळीवरच्या उरलेल्यांत तीन निघाल्या. मग लेबल लावलेल्या खोक्यांतल्या घेतल्या. पहिली गप्प, दुसरी गप्प, तिसरी फुस्स. मी प्रत्येक वेळी दाराकडं बघून सांगायची आणि ताई लिहायच्या. लेबलवाल्यांत पाच निघाल्या. शेवटी हौदात टाकलेली उघडली. तिचं बूच माझ्या हातातून उडून छपराला लागलं आणि फेस कोपरापर्यंत आला.

ताईंनी कागद बघितला. म्हणाल्या, "म्हणजे सहा." मला आधी कळलं नाही. मग कळलं. सहा वेळा त्यांनी ती वस्तू डोळ्यापुढं चार बोटांवर धरली होती, आणि सहाही वेळा मी तीन हातांवर उभी राहून बघत होते.

मी मुखवटा काढला. म्हटलं, "उद्यापासून येऊ नको का?"

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "ज्या बाटलीनं माझा डोळा घेतला, तिची मला कधी भीती वाटली नाही. पुन्हा तेच काम धरलं. आज मात्र भीती वाटली. बाटलीची नाही, तुझी." आणि थोड्या वेळानं, "ये उद्या."

मी गेले. अजून जाते. वाईन दोन्ही जातींची होते, गोडाची आता चांगली होते. ताई माझ्याशी आधीसारख्याच बोलतात, चेष्टाही करतात, घरच्यांची विचारपूस करतात. काम तेच, पगार वाढलाय. फक्त मी बाटल्या पुढ्यात नेऊन ठेवल्या की त्या विचारतात, "सगळं ठीक आहे ना?" मी "व्हय ताई" म्हणते. मग त्या हात मांडीवरच ठेवतात, माझ्या तोंडाकडं बघतात आणि तेच पुन्हा एकदा विचारतात.